फिनिक्स मॉल, आजोबा आणि वलवणचं पाणी

‘फिनिक्सला भेटू’ असं तुम्ही आजवर किती वेळा म्हणाला असाल? विमाननगरचं फिनिक्स, नाहीतर २०२३ मध्ये वाकडला सुरू झालेलं नवं. सिनेमा, फूड कोर्ट, सेल किंवा नुसतंच एसीत फिरणं. कारण काहीही चालतं. पण हे नाव आलं कुठून, असा प्रश्न कधी पडलाय? मला वाटायचं, राखेतून उठणाऱ्या त्या पक्ष्यावरून ठेवलं असेल, विषय संपला. पण मध्ये एक मोठा टप्पा आहे. मॉलला हे नाव मिळालं एका कापड गिरणीकडून. मुंबईत लोअर परळला १९०५ मध्ये स्थापन झालेली फिनिक्स मिल. मॉल चालवणाऱ्या कंपनीचं नाव आजही ‘द फिनिक्स मिल्स लिमिटेड’ असंच आहे. कापड विणणं कधीच थांबलं, ‘मिल्स’ मात्र नावात राहिली.

मुंबईतली ती मूळ जागा म्हणजे हाय स्ट्रीट फिनिक्स म्हणून ओळखला गेलेला मॉल आणि त्याला लागूनचं पॅलेडियम. गिरणीच्या आवारातच मॉल झालाय आणि गिरणीची उंच चिमणी अजून तिथं उभी आहे. ‘जुनी वास्तू, नवा बाजार’ यावर पानासाठी काहीतरी लिही, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी तीच जागा निवडली. त्याला एक घरगुती कारण होतं. माझे आजोबा गिरणी कामगार. फिनिक्समधले नाहीत, त्याच भागातल्या दुसऱ्या एका गिरणीतले. १९८३ मध्ये ते वलवणला परत आले. त्यानंतर दादरपर्यंत लग्नकार्याला जाणं झालं, पण लोअर परळ स्टेशनवर ते कधी उतरले नव्हते. मी विचारलं, ‘‘आजोबा, येताय का मॉल बघायला?’’ ते म्हणाले, ‘‘मॉल नगं. चिमणी हाय म्हणतीस ना, ती बघाया येतो.’’

आधी पाणी गेलं, मग माणसं

सिंहगड एक्स्प्रेस घाट उतरायला लागली तसे आजोबा बोलायला लागले. पहिला विषय पाण्याचा. वलवणच्या माणसाला मुंबईची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

एक्स्प्रेसवेवरून लोणावळ्यात शिरताना तुम्हाला वलवण लागतं. तिथलं धरण आपण ‘पावसाळी स्पॉट’ म्हणून ओळखतो. ते बांधलं गेलं मुंबईच्या गिरण्यांसाठी. शंभरेक वर्षांपूर्वी गिरण्या वाफेवर चालायच्या. त्यासाठी लागणारा कोळसा लांबून आणावा लागे. तो महाग पडे, वर धूर वेगळा. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा धो-धो पाऊस अडवून वीज करायची, ही जमशेटजी टाटांची इच्छा. ते १९०४ मध्ये गेले. पुढे १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये कामाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वलवण आणि शिरोता या तीन तलावांचं पाणी मोठ्या पाइपांमधून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचं, तिथं त्याच्या जोरावर जनित्रं फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांवरून सुमारे ७० किलोमीटरवरच्या परळला न्यायची. आजही खोपोलीत उभं राहून वर पाहिलंत तर डोंगरावरून उतरणारे ते पाइप दिसतात.

भूगोलाच्या दृष्टीनं हा उलटा प्रवास आहे. आपल्याकडचं पाणी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. धरणांनी ते पूर्वेऐवजी पश्चिमेला, कोकणात उतरवलं. माणसंही त्याच घाटानं उतरली. मावळ, जुन्नर, सातारा, कोल्हापूर आणि सगळ्यात जास्त कोकण. दुष्काळ पडला, शेत वाटण्यांमध्ये तुकडे झालं, की घरातला एक जण मुंबईला जायचा. आमच्या घरातून १९७२ च्या दुष्काळात आजोबा गेले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते, म्हणजे तुमच्या एफवायच्या वयाचे.

तुळशी पाइप रोडवर

दादरला गाडी बदलून आम्ही पश्चिम रेल्वेनं लोअर परळला उतरलो. आजोबा जिन्यावरच थांबले. कुठं बघावं ते त्यांना समजेना. सगळीकडे काचेचे मनोरे. त्यांनी एका माणसाला विचारलं, ‘‘तुळशी पाइप रोड कुठशी?’’ त्याला कळलं नाही. मी मोबाइलवर दाखवलं, ‘‘आजोबा, हा सेनापती बापट मार्ग.’’ ‘‘त्योच,’’ ते म्हणाले.

इथं जरा थांबा, कारण हे नाव तुमच्याही रोजच्या तोंडात आहे. पुण्यात आपण त्याला ‘एसबी रोड’ म्हणतो. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती मुळशी सत्याग्रहात. खोपोलीनंतर मुंबईला आणखी वीज हवी होती, म्हणून मुळशीत टाटांचं धरण व्हायचं होतं आणि त्यात पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी त्याविरुद्ध लढा दिला. धरणग्रस्तांच्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक मानला जातो. लढा हरला, धरण झालं, वीज मुंबईला गेली. आणि ज्या गिरण्यांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांच्यातल्या एकीच्या दारातल्या रस्त्याला पुढे बापटांचंच नाव मिळालं. मॉलच्या बिलावरचा पत्ता वाचा कधीतरी. धरण बांधवून घेणारे आणि धरणाला विरोध करणारे, दोघंही त्या एका ओळीत भेटतात.

चिमणीखाली

हाय स्ट्रीट फिनिक्सच्या आवारात शिरलो आणि आजोबांनी मान वर केली. चिमणी होती. कॉलेजची मुलं-मुली फोटो काढत होती. मीही काढला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ही बॉयलरची. आमच्या काळात वरनं धूर येत असला की कळायचं, काम चालू हाय.’’

मी माझं नवं ज्ञान पाजळलं. वलवणची वीज आल्यावर बॉयलरची गरज उरली नसेल ना? आजोबा हसले. यंत्रं विजेवर गेली तरी वाफ लागायचीच. ताण्याच्या सुताला खळ लावायला, कापड धुवायला, रंगवायला. म्हणून चिमण्या राहिल्या. पुस्तकात एका ओळीत लिहिलेला बदल कारखान्यात इतका सरळ होत नाही, हे मला तिथं कळलं.

ते साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. एका खात्यात शेकडो साचे एकदम चालायचे. आवाज इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे किंवा ओठांवरून ओळखायचं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून हवेत मुद्दाम ओलावा ठेवायचा. उन्हाळ्यात अंगातून धारा. कापसाचे तंतू नाकात, केसांत, डब्यात. मी विचारलं, ‘‘मग आता हे सगळं बघून कसं वाटतंय?’’ मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा त्यांचे डोळे भरून येतील. माझा शेवटचा परिच्छेद मी मनात लिहूनसुद्धा ठेवला होता. आजोबा म्हणाले, ‘‘झकास हाय की. गार हाय. बसाया जागा हाय. आमाला कुठं व्हतं असं?’’

एका दुकानात त्यांनी शर्टाचं कापड दोन बोटांत धरलं, अंगठ्यानं चोळलं, उजेडाकडे धरून पाहिलं. ‘‘वीण बरी हाय,’’ असा निकाल दिला. मग किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. ४,९९९ रुपये. संपाच्या आधी त्यांचा महिन्याचा पगार सहा-सातशेच्या घरात होता. ‘‘म्हंजे सात म्हैने,’’ म्हणाले आणि शर्ट नीट घडी घालून परत ठेवला.

गिरणीचा मॉल झाला कसा?

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांमधले जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होती. बदली कामगारांना कायम करा, ही मागणी होती. आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा कायदा रद्द करा, ही तिसरी मोठी मागणी. ‘बदली’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे. संप महिनोन्‌महिने चालला. तो मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीर केलंच नाही. कामगार थकले. कुणी गावी परतलं, कुणी भाजी विकली, कुणी सुरक्षारक्षक झालं. आजोबा वलवणला येऊन लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात लागले. गुळाच्या पाकासमोर उभं राहणं त्यांना साच्यापेक्षा सोपं गेलं, असं ते सांगतात.

गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पण शहराच्या मध्यावर त्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि कापडापेक्षा तिला भाव होता. १९९१ मध्ये राज्य सरकारनं विकास नियंत्रण नियमावलीत नियम आणला, क्रमांक ५८. ढोबळमानानं सांगायचं तर, गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर तिचे तीन वाटे करायचे. एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. या जमिनींचा एकत्र विचार कसा करता येईल, हे सांगायला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. तिनं १९९६ मध्ये अहवाल दिला.

मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त मोकळ्या जमिनीचे. समजा, एका गिरणीची ९ एकर जागा आहे आणि त्यातल्या ६ एकरांवर बांधकाम आहे. आधी ९ एकरांचे वाटे झाले असते, आता फक्त ३ एकरांचे. याविरुद्ध लोक कोर्टात गेले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २००१ चा नियम वैध ठरवला. शहराला मिळू शकणारी बागा-मैदानांची आणि घरांची कितीतरी जागा तिथंच गेली. फिनिक्समध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंग अ‍ॅली आली, मग दुकानं, २००९ मध्ये पॅलेडियम. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी ऑफिसं, हॉटेलं, मनोरे.

माणसं वाढली, रस्ते आणि रेल्वेचे पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी इथून एका स्टेशनावर, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्यातले बरेच आपल्यासारखेच, सकाळी कामाला निघालेले. स्टेशनचं नाव आता प्रभादेवी आहे आणि तिथं नवा पूल झालाय. पण जमिनीचे वाटे ठरवताना माणसांचा हिशेब चुकला की त्याची किंमत कुठं आणि कशी मोजावी लागते, ते तिथं दिसलं.

कामगारांच्या घरांसाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आले. २०१२ मध्ये मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. पुढच्या काही सोडतींमधली घरं तर मुंबईत नाहीत, पनवेलजवळ आहेत. आजोबांनी अर्ज भरला नव्हता. ‘‘माझं घर वलवणात हाय. ज्याला न्हाई त्याला मिळू दे.’’

‘म्हंजे बदलीच’

बाहेर पडून आम्ही रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेतला. बाकड्यावर तुमच्या-माझ्या वयाचा एक मुलगा बसला होता. याच भागात एका दुकानात काम करतो म्हणाला, गाव साताऱ्याकडे. आजोबांनी चौकशी सुरू केली. पाळी किती तासांची? बसायला मिळतं का? राहतोस कुठं? जेवतोस कुठं? मुलगा आधी बिचकला, मग मोकळा झाला. शेवटी आजोबांनी विचारलं, ‘‘कायम हायेस का?’’

‘‘नाही आजोबा. एजन्सीकडून आहे. अकरा महिन्यांचं असतं. मग बघतात.’’

आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘म्हंजे बदलीच.’’

बदली कामगार म्हणजे कोण, ते आम्हा दोघांना त्यांनी तिथंच सांगितलं. सकाळी भोंगा वाजायच्या आधी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी गैरहजर असेल तर जॉबर त्याच्या जागी तुम्हाला आत घेणार. नाहीतर परत खोलीवर. आजोबांनी अशी चार वर्षं काढली. महिन्यात कधी वीस दिवस काम, कधी आठ. जॉबरची मर्जी सांभाळायची. आजारी पडायचं नाही. आपल्यासारखीच एखादी बदली आपली जागा घेईल, ही भीती कायम.

मुलगा म्हणाला, ‘‘आमचंही तसंच आहे, फक्त मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.’’

मी हसले. आजोबांनी मला विचारलं, ‘‘तुझं पेपरातलं काम किती दिवसांचं?’’ ‘‘तीन महिने.’’ ‘‘मग तू बी बदलीच की,’’ असं म्हणून त्यांनी चहाचे पैसे दिले. तिघांचे.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपल्याला वाटतं, गिरणी हा आजोबांच्या पिढीचा विषय आणि मॉल आपला. पण ज्या प्रश्नावरून १९८२ मध्ये अडीच लाख माणसं रस्त्यावर आली, तो प्रश्न इमारतीबरोबर पाडला गेला नाही. तो आपल्या ऑफर लेटरमध्ये आहे, डिलिव्हरीच्या अ‍ॅपमध्ये आहे. फरक एवढाच, की तेव्हा त्याला नाव होतं आणि एकत्र बसून बोलायला चाळ, खानावळ आणि नाका होता.

चिमणी ठेवली, पुढे काय?

जुन्या वास्तूत नवं काही सुरू करायला माझा विरोध नाही. आजोबांचाही नाही. पाडून टाकण्यापेक्षा वापरात आणणं केव्हाही बरं. पुण्याची महात्मा फुले मंडई बघा. १८८६ पासून ती मंडईच आहे. तिथं गाळा, भाजी, भाव आणि भांडण सगळं तसंच आहे, त्यामुळे इमारतीचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही. गिरणीचं तसं नाही. तिथलं काम गेलं, कामगार गेले. अशा ठिकाणी चिमणी जपून निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं तिथल्या माणसांच्या आठवणी लिहून ठेवण्याचं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी ते केलंय. गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून आलेला हा इतिहास ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या नावानं मराठीत आहे. पण ज्यांनी साचे चालवले ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. आपल्याकडे फार वेळ नाही.

परतीच्या गाडीत आजोबांना झोप लागली. घाट चढून लोणावळा आलं तेव्हा अंधार पडला होता आणि वलवणचे दिवे दिसत होते. जागे झाल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘‘चिमणीचा फोटो नीट आला का?’’

जाणार असाल तर...

• पुणे किंवा लोणावळ्याहून दादर गाठा. तिथून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडलीत तर प्रभादेवीनंतरचं स्टेशन लोअर परळ. मध्य रेल्वेनं जायचं असेल तर करी रोडला उतरा. दोन्हीकडून चालत जाता येतं.

• आवारात शिरलात की दुकानांच्या पाट्यांच्या वर बघा. आधी चिमणी शोधा, मग सेल.

• मॉल झाल्यावर लालबागच्या चिवडा गल्लीत जा. गिरणगाव अजून कुठं कुठं शिल्लक आहे ते कळेल आणि खिशालाही परवडेल.

• जयंत पवार यांचं ‘अधांतर’ हे नाटक वाचून जा. संपानंतरचं एक घर त्यात आहे.

• घरात, चाळीत, शेजारी कुणी गिरणीत काम केलेलं असेल तर त्यांना बरोबर न्या. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. प्रश्न फार तयार करू नका. चिमणी दिसली की ते आपोआप बोलायला लागतात.